टांगलेला वाटा

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काटा आज पुन्हा लालात. बॅटरीची खोली उघडली, पाल तिच्या जागेवर, काटा मात्र खाली पडलेला. मार्कंड्याच्या जत्रेआधीच पाच घरं मिरची तोडायला तेलंगणात गेली. दाराला कुलपं. दिवे कमी, मोबाईल कमी, थंडीत पंखा तर कोणी लावत नाही. मग सकाळी बॅटरी भरलेली सापडली पाहिजे की नको? कोणीतरी खाऊन राह्यलं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "काल ढग असन."

म्हटलं, ढग कुठला? दिवसभर मी अंगणात वड्या वाळवल्या.

"तुले तं ढगावरही संशय येते." हसायला गेले आणि खोकला सुटला. मशीनची नळी नाकात लावून दिली, पाठ चोळली. मग बसले भिंतीला टेकून.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. पहाटे मशीनची शिट्टी वाजली. वीज कमी पडली की ती वाजते, आणि ती वाजली की मी उठून यांच्या छातीवर हात ठेवते. चंद्रपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, झोपेत हवेची मशीन पाहिजेच, खाणीच्या धुळीनं फुप्फुस अर्धं राहिलं आहे. आता तरी डोंग्यात घालून पल्याड नेता येईल. पावसाळ्यात वैनगंगेच्या दोन्ही धारा एक झाल्या, गावाचं बेट झालं, आणि तेव्हा मशीन बंद पडली तर? नेऊ कुठं यांना? पाण्यावरून चालत?

चोर सापडलाच पाहिजे. पावसाच्या आत.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुदाम भाऊजींना गाठलं. यांचे चुलतभाऊ, वीज समितीचे मुख्य, मासोळीच्या सोसायटीतही तेच. डोंग्याला डांबर लावून राह्यले होते. सांगितलं, काटा लालात राहते.

"सूर्व्य थकला असन, वहिनी."

मस्करी. समितीचा माणूस आणि मस्करी करतो. म्हटलं, सूर्य थकत नाही, माणसं हावरट होतात. ते डांबराकडेच पाहत राहिले. ज्याचं मन साफ, तो डोळ्याला डोळा देतो, असं माझे वडील म्हणायचे. माझ्या माहेरी, मूल शहरात, राइस मिलमध्ये जन्म गेला त्यांचा, पोतं उचलल्याबरोबर सांगायचे, यात खडे आहेत.

मला या विजेचं इतकं का लागतं, असं लोक विचारतात. लागणार नाही? सरकारी तार पल्याड येऊन थांबली. खांब गाडले, पुरात गेले, पुन्हा गाडले, पुन्हा गेले. मग गावानं ठरवलं, आपली वीज आपण. त्या सभेत पहिला हात माझा. शाळेमागं सोलरच्या पाट्या लावल्या, आणि जाळ्यातल्या मासोळीचे पाडतात तसेच विजेचे वाटे पाडले. चुलीला एक वाटा. बर्फाच्या पेटीला मोठा, कारण बर्फ नाही तर मासोळी मूलच्या बाजारापर्यंत टिकत नाही. वाटा संपला की घरची डबी खट् करून पडते, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अंधार. बारावी शिकलेली म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे. आणि माझ्याच नाकाखाली चोरी!


२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दाराच्या खुंटीला पळसाच्या पानाचा पुडा. आत झिंगे. कोणी ठेवला? विचारत फिरले तर पायकाबाईनं झापलं. पायकाबाई म्हणजे या वस्तीतली सगळ्यात जुनी बाई, माझ्या लग्नात हळद तिनं वाटली.

"टांगलेल्या वाट्याले नाव नसते व. कितीदा सांगू? रांधायचं आन् खायचं."

इथली रीत अशी. घरात आजारी माणूस असला, जाळं ओढायला कोणी गेलं नाही, की कोणीतरी आपल्या वाट्यातून काढून त्याच्या दारात टांगतो. टांगणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. मला हे कधी पटलं नाही. मूलमध्ये कोणी वाटीभर साखर दिली तरी वाटी कोणाची ते माहीत असतं. नाव न सांगता देणारा उद्या काय मागेल, काय भरवसा?

झिंगे चांगले होते, ते खरं. यांनी दोनदा मागून घेतले.


२५ फेब्रुवारी, बुधवार

संशयितांत पहिला डोमाजी किराणावाला. गावात फ्रीज त्याच्याचकडे. गेले, म्हटलं एक थंडा द्या. बाटली हातात घेतली, गारढोण.

"लय थंड आहे, डोमाजीभाऊ."

"थंडा थंडच असते."

"रात्रीबी चालते का फ्रीज?"

त्याला कळलं. चिडला नाही, हसला. तो हसतो तेव्हा जास्त चीड येते. म्हणाला, "दिवसा चालवतो, दिवा लागला का बंद. माझी डबी पडते रोज, ये पाह्यले. तुमच्या घरची पडते का कधी?"

नाही पडत, म्हटलं. आम्ही जपून वापरतो.

"हाव, हाव," म्हणाला आणि पुन्हा हसला. आमच्या गरिबीला हसला मेला. बाटली परत ठेवून आले.

खरंच नाही पडत आमची डबी. मशीन आणायचं ठरलं, संक्रांतीच्या सुमाराला, तेव्हा सभेत कोणीतरी म्हटलं होतं, रघूला दोन वाटे द्या. हे उठून उभे राहिले. उभं राहवत नव्हतं, तरी. "मी जाळं ओढत नाई आता. न ओढणाऱ्याले एक वाटाच लय झाला. भीक नोको." मीही तोऱ्यात म्हटलं, आमच्यावर कोणाचे उपकार नकोत. सुदाम भाऊजी म्हणाले, "मशीन कमीच खाते, वहिनी. एका वाट्यात भागते." मग आम्ही मशीन आणायला चंद्रपुरात होतो तेव्हा त्यांनीच मशीनचा बोर्ड बसवून ठेवला होता, धानाच्या ढोलीमागं.

तेवढं एक काम मात्र त्यांनी नीट केलं.


१ मार्च, रविवार

सापडलं काहीतरी! आमच्या शेजारचं भास्करचं घर. भास्कर, बायको, दोन्ही पोरी मिरचीला. दाराला कुलूप. आज सकाळी त्या घराच्या मागून सुदाम भाऊजी निघाले. हातात पक्कड.

"काय करून राह्यले भाऊजी?"

"उंदीर पाहून राह्यलो."

पकडीनं उंदीर! बाप्पा. मी हं म्हटलं. डोक्यात मात्र चक्र सुरू. बंद घरांचे वाटे रोज सुटतात. कोणी वापरत नाही, बॅटरीत राहतात, असं आपण समजतो. पण बंद घराच्या डबीतून तार ओढली तर? कोणाला कळणार?

यांना सांगितलं. यांनी नळी नाकातून काढली. मग म्हणाले, "फौजदारीण, भाकर टाक." सुदामबद्दल यांना ऐकवत नाही. दोघं एका डोंग्यात वाढले.


४ मार्च, बुधवार. धुळवड

रंग खेळले सगळे. सुदाम भाऊजी आले, यांच्या कपाळाला बोट लावून गेले, मला दुरूनच हात जोडले. चोराच्या मनात चांदणं.

शिट्टी पहाटे वाजलीच. यांचे ओठ निळसर दिसले, का मला तसं वाटलं? आरसा पुढं केला तर म्हणाले, "रंग आहे व." आरशात मीच रडकी दिसत होते.


६ मार्च, शुक्रवार

आज वाईट झालं. बर्फाची पेटी पहाटेच बंद पडली होती, कोणाला कळलंच नाही. झाकण उघडलं तर पाणी, आणि त्यात काल मोठ्या जाळ्याला लागलेली सगळी मरळ, रोहू. कल्ले पांढरे पडलेले. पायकाबाईनं एक उचलून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. मग बायांनी टोपल्या भरून चिंचेखाली खड्डा केला. गावातली कुत्री दिवसभर तिथंच.

आता एकटीची गोष्ट राहिली नाही. रविवारी सभा लावली. सोलरवाल्या संस्थेच्या मॅडमना फोन केला, पाट्या बसवल्या तेव्हापासून त्यांच्याशी माझं चांगलं आहे. म्हणाल्या, पाडवा झाला की येते, सगळ्या डब्या उघडून पाहू, तार कुठून कुठं जाते ते लगेच कळेल.

कळू दे एकदाचं.


८ मार्च, रविवार

सभा झाली, त्याच चिंचेखाली. बोलले मी. फार बोलले, पण बोलायलाच पाहिजे होतं. म्हटलं, मासोळी कुजली ती कोणाच्या घरात उजेड पडला म्हणून कुजली, ते समोर येईल. खाई त्याला खवखवे. ठराव मांडला: ज्याच्या घरी चोरीची वीज सापडेल त्याचा वाटा पावसाळाभर बंद. नातं नाही, गोतं नाही, आजार नाही, कारण नाही.

"आजार नाही" हे कशाला घातलं होतं? डोमाजीच्या आईचे गुडघे दुखतात, तो ते कारण काढेल म्हणून.

ज्या बायांची मासोळी गेली त्यांनी लगेच हात वर केले. बाकीच्यांचे हात मांडीवरच. सुदाम भाऊजी जमिनीकडे पाहत होते, काडीनं रेघा ओढत. पायकाबाई म्हणाली, "विचार करून बोल व पोरी. तोंडातून गेलेलं जाळ्यात येत नाई." म्हटलं, विचार करूनच बोलते.

ठराव झाला. कोणी खोकललं नाही. घरी आले तर हे खोकत बसलेले.


१३ मार्च, शुक्रवार

लोक माझ्याशी कमी बोलतात. नळावर गेले की बोलणं थांबतं. डोमाजीनं सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. म्हणजे सगळे मिळालेले? अख्खं गाव चोराला पाठीशी घालून राह्यलं? का सगळेच थोडं थोडं खातात?

यांना विचारलं, तुमचं काय मत?

"तू मूलची, तुमच्याकडं सगळं मापून देतात."

हे उत्तर झालं का?


१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड नाही, खीर केली. मॅडमचा फोन, २९ तारखेला रविवारी येतात. सुदाम भाऊजींना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.


२४ मार्च, मंगळवार

गाव मोहफुलं वेचायला गेलं, टोपल्या घेऊन, पल्याडच्या जंगलात. मी म्हटलं, यांना सोडून जाता येत नाही. हे जेवून मशीन लावून झोपले. मी भास्करच्या घरामागं गेले.

डबीतून तार निघाली होती. काळी, नवी. मी म्हटलं, सापडलास! वळचणीला धरून तार पुढं गेली, पलीकडच्या बंद घरातून आणखी एक येऊन तिला मिळाली, पुढं आणखी. सगळी कुलूपबंद घरं, मिरचीला गेलेल्यांची. पाचही. मग एकच जाड तार मागं फिरून कुंपणातून, दोडक्याच्या वाळक्या वेलाखालून. मी वाकून वाकून तिच्या मागं. मला वाटलं, आता ही सुदामच्या घराकडं वळणार. वळली नाही. समोर भिंत आली. भिंतीला शेणाचा हात, त्यात बोटांचे ठसे. छपराच्या कवेलूखालून तार आत गेली होती.

भिंत ओळखीची वाटली. मागून कधी पाहिली नव्हती नीट.

आमची.

आत गेले. ढोली थोडी सरकवली. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून नीट जोड केलेला, तिथून मशीनच्या बोर्डात. आमच्या डबीची तार त्या बोर्डाला लागलेलीच नाही. मशीन फुस्स फुस्स करत होती. हे झोपले होते, तोंड थोडं उघडं.

काखेत कळसा म्हणतात. इथं कळसा नवऱ्याच्या नाकात.

ढोली होती तिथं सरकवली.


२५ मार्च, बुधवार

दुपारी जोड सोडून पाहिला. मशीनची पिन आमच्या स्वतःच्या बोर्डात लावली. भात शिजायच्या आत डबी पडली. खट्.

म्हणे मशीन कमी खाते.

पुन्हा ढोलीमागं जोड लावला. आता ही चोरी मी माझ्या हातानं केली.


२६ मार्च, गुरुवार

पायकाबाईकडं गेले. सरळ विचारलं, तुला माहीत होतं?

ती मोह पसरत होती. म्हणाली, "गावाले माहीत आहे. तुलेच नोतं."

त्या सभेनंतर, मिरचीला निघायच्या आधी, भास्करची बायको आणि बाकीच्या चौघी सुदामकडं गेल्या होत्या म्हणे. आम्ही मिरचीले जातो, आमचा वाटा रघूच्या दारात टांग. त्याले सांगू नोको, थो घेत नाई. नलूले तं मुळीच सांगू नोको.

"मुळीच काऊन?"

"तू नाव विचारतं."

मग बसायला लावलं मला. म्हणाली, "चूक झाली आमचीबी. मासोळी टांगली तं जाळ्यातलं कमी होत नाई व. थे आधीच मेलेली असते. हे वीज तशी नाई, आमाले का माहीत? घरी असलो तं दोन दिवे आन् मोबाईल, पुरा वाटा कोन खाते? हे मशीन शेवटच्या थेंबापर्यंत ओढते. ते बर्फाच्या तोंडचं जात होतं. मासोळी कुजली तवा सुदामले समजलं. थो काढाले गेला होता तार."

"मग काढली काऊन नाई?"

"तुझ्या घरातून मशीनचा आवाज आयकू आला म्हणे. पक्कड घेऊन वापस आला."

१ मार्च. उंदीर पाहून राह्यलो.

पण मासोळी तर त्यानंतर कुजली, ६ तारखेला. मी तेवढ्यातही हिशोब जुळवत बसले. पायकाबाईला म्हटलं, तारीख जुळत नाही. ती म्हणाली, "त्याच्या आधीबी नरम निघत होती मासोळी. सुदाम आपल्या वाट्यातली बदलून देत होता बायाले. एका दिवशी सगळीच गेली, मंग का देईन थो?" आणि मोह पसरायला लागली.

रडले मी. तिच्यासमोरच. मासोळीसाठी रडले, का ठरावासाठी, का माझ्या तोंडासाठी, माहीत नाही. शरम वाटली फार. आणि रागही आला, तो गेलेला नाही. माझ्या नवऱ्याचा जीव, आणि मलाच सोडून गावानं ठरवलं?


२७ मार्च, शुक्रवार

एकच डोक्यात. परवा मॅडम डब्या उघडतील. तार आमच्या घरात. ठराव माझा. आजार नाही, कारण नाही. पावसाळाभर वाटा बंद. म्हणजे दोन वाटे सोडा, एकही नाही. पुरात, चारी बाजूंनी पाणी, आणि मशीन मुकी.

तार काढून टाकू? मग चोरी सापडत नाही, पण मशीनही चालत नाही.

वडिलांची आठवण आली. मिलमध्ये उन्हाळ्यात बर्फाची लादी आली की ते धानाच्या तुसात पुरायचे, संध्याकाळपर्यंत टिकायची. बर्फाची पेटी दिवसा ऊन असताना चालवली, रात्री बंद केली, भोवती तूस भरलं तर? रात्रीची वीज मशीनला उरेल का? मूलला तुसाचे ढीग पडले आहेत. बायांना हे सांगितलं तर ऐकतील? माझं? आता? ज्यांची मासोळी मी खड्ड्यात घातली, त्या?

मीच घातली ना. दुसऱ्या कोणी नाही.


२८ मार्च, शनिवार

सुदाम भाऊजी स्वतः आले. हे झोपेत होते. दारातच उभे राहून म्हणाले, "पायकाबाईनं सांगतलं, तुमाले समजलं म्हणून. वहिनी, उद्या मी सांगतो, वीज म्या घेतली. घरी पंखा लावला होता म्हणून. तार आजच काढून माझ्या घराकडं वळवतो. सभा झाली का पाहू पुढचं."

"तुमचा वाटा पावसाळाभर बंद होईल."

"होऊ द्या नं. कंदील आहे घरी."

"अन् समिती?"

"समितीले का, कोणीबी चालते."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. इतका चांगुलपणा कशासाठी? मला आताही संशय आला. लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहू. वाटलं, उद्या हा माणूस माझ्याकडून काय मागेल? सोसायटीच्या निवडणुकीत मत? माझा स्वभावच असा, मेला.

"नका वळवू तार," म्हटलं. "मी विचार करते."

"विचार करता करता मॅडम येतीन."

"येऊ द्या."

गेले. जाताना खुंटीला काहीतरी अडकवलं. पाहिलं तर पुडा. या वेळी मी पाहिलं कोणी टांगला ते. तरी विचारलं नाही.


२९ मार्च, रविवार

मॅडम पल्याडच्या काठावर पोचल्या, फोन आला. सुदाम भाऊजीच डोंगा घेऊन आणायला गेले आहेत. तार जिथं होती तिथंच आहे, सकाळी पाहून आले.

मी ठरवलं आहे, मीच सांगणार. सुदामच्या डोक्यावर नाही घालणार. ठराव माझा आहे तर मला लागू. तुसाचंही सांगणार. बाया काय करतील, देव जाणे. डोमाजी हसेल. हसू दे. पण वाटा खरंच बंद केला तर? इथपर्यंत आले की पुढं विचार होत नाही.

यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तुम्ही इतके दिवस नको नको म्हणत दुसऱ्याच्या वाट्यावर श्वास घेत होता, हे कोणत्या तोंडानं सांगू? चहा पुढं ठेवला.

हे म्हणाले, "सदरा दे. धुतलेला."

"कुठं जायचं?"

"सभेले."

"चिंचेपर्यंत चालवणार नाही तुम्हाला."

"बसत बसत येतो."

नळी काढली. उठले, ढोलीला हात टेकत मागं गेले. न पाहता, अंधारात, नेमका जोडावर हात घातला आणि पट्टी सोडून तार ओढून टाकली. मशीन चूप. इतक्या दिवसांनी घरात चिमण्यांचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. डबी पडत नाई, मले का समजत नाई?"

"मग बोलले नाही कधी?"

खाटेवर टेकले. दम घेतला. म्हणाले, "सभेत मोठा म्हणालो, भीक नोको. घरी येऊन घेत गेलो रोज. टांगलेल्या वाट्याले विचारत नाई, म्हणून चूप बसलो." मग माझ्याकडं न पाहता, "मले जगाव वाटलं व, नलू."

मीही तेच तर मागत होते सगळ्या गावाशी भांडून.

आता सदऱ्याची बटणं लावून राह्यले. एक घर चुकलं आहे, खालपर्यंत सगळी चुकत गेली. लावून देऊ का विचारलं तर हात झटकला. तेवढ्यात हे लिहिते. म्हणतात, "आधी मी बोलन. तू मंग."

घाटावर डोंगा लागल्याचा आवाज आला. लोक चिंचेकडं निघाले आहेत. किल्ली कमरेला लावली. हे दाराच्या चौकटीला धरून उभे आहेत, खुंटीच्या खाली, आणि मला हाक मारून राह्यले.